डाव्या चाकाची चौकशी

खोक्याच्या झाकणावर एका हसऱ्या मुलाचं चित्र होतं आणि त्याखाली ठळक अक्षरांत छापलं होतं : ‘वय वर्षे आठ व पुढे’. तपासनीसबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, ती ओळ वाचली, चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि मुलाकडे असं पाहिलं, की त्याने हातातला कप खाली ठेवला.

"आई, ‘व पुढे’ असंही लिहिलंय," तो म्हणाला. "त्यात तू बसतेस."

आपण कशात बसतो आणि कशात बसत नाही, हे ठरवायला आपल्याला कोणा खोक्याची गरज नाही, असं बाईंनी त्याला सांगितलं. जन्मभर वीजमीटरच्या कारखान्यात त्यांनी तपासनीस म्हणून काम केलं होतं. त्यांची सही झाल्याशिवाय एकही मीटर दाराबाहेर पडत नसे. अशा बाईच्या पुढ्यात पोटच्या पोराने एक खेळणं ठेवलं होतं : दोन मोटरी, दोन चाकं, पुढे टेकू म्हणून एक गोळी, तारा जोडायची एक हिरवी पट्टी, तारांचं भेंडोळं आणि घडी घातलेलं माहितीपत्रक. जोडलं की छोटा यंत्रमानव तयार होऊन जमिनीवर धावायला लागतो म्हणे.

"वेळ जाईल तुझा," मुलगा म्हणाला.

"माझा वेळ आपोआप जातो. त्याला ढकलावं लागत नाही."

खरी गोष्ट अशी होती, की हे खेळणं म्हणजे भरपाई होती. आदल्या आठवड्यात घरच्यांनी एक ठराव केला होता. नवरा, मुलगा आणि सून एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला. ठराव असा, की बाईंची अवजारांची पेटी माळ्यावर जाईल आणि यापुढे घरात काही बिघडलं तर बाहेरचा माणूस बोलावला जाईल.

बाईंची दुरुस्ती वाईट होती असं कोणाचंच म्हणणं नव्हतं. म्हणणं एवढंच होतं, की ती संपत नाही. एखादी वस्तू बिघडली की बाई ती खोलत, मग ती मुळातच किती निष्काळजीपणे बनवली आहे हे त्यांच्या लक्षात येई, आणि मग त्या संतापून तिचा प्रत्येक भाग तपासायला घेत. तोवर त्या वस्तूवर लाल चिठ्ठी लागे : ‘तपासणी बाकी. वापरू नये.’ कपडे धुण्याचं यंत्र या चिठ्ठीखाली इतके दिवस सुटंसुटं पडून राहिलं, की दातांची डॉक्टर असलेली सून शेवटी नवऱ्याचा शर्ट घालून दवाखान्यात गेली. ठराव तिनेच मांडला. पेशंटने तोंड उघडण्याऐवजी आधी शर्टाबद्दल विचारलं, असं तिचं म्हणणं होतं.

पेटी लोखंडी होती. कारखान्यातून निवृत्त होताना सगळ्यांना घड्याळ मिळत असे. बाईंनी घड्याळ नाकारलं आणि आपली रोजची पेटी मागून घेतली. तिच्यात त्यांचे पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर, सगळे आपापल्या खाचेत झोपलेले असत. ठराव झाल्यापासून बाई संध्याकाळी पेटी उघडून बसत, एकेक पाना पुसत आणि पुन्हा खाचेत ठेवत. कोणाशी बोलत नसत.

तर आता खेळण्याच्या खोक्याकडे बघता बघता त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "हे जोडते. रविवारी हे बाहेरच्या दारापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पॅसेजमधून सरळ चालत गेलं, भिंतीला न शिवता, तर तुमचा ठराव रद्द. नाही गेलं तर पेटी मी स्वतः माळ्यावर ठेवीन."

तिघांनीही लगेच मान्य केलं. बाईंना मात्र घरच्यांची मान्यता पुरेशी वाटेना. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या वकिलांना खाली बोलावून साक्षीदार केलं. वकिलांनी अट ऐकली, ‘शिवणे’ म्हणजे नुसतं घासणंही धरायचं का, हे विचारून घेतलं आणि धरायचं असं ठरल्यावर समाधानाने चहा घेतला.

जोडणी सुरू झाली आणि त्याबरोबर संतापही. माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘स्क्रू घट्ट बसवा.’ घट्ट म्हणजे किती? ‘तारा नीट जोडा.’ नीट म्हणजे काय, आणि ज्यांना नीट लिहिता येत नाही त्यांनी हे सांगावं? शेवटची सूचना होती, ‘आता मजा करा!’ ती वाचून बाईंनी नवऱ्याला हाक मारली. नवरा निवृत्त ग्रंथपाल. आयुष्यभर त्यांनी कुजबुजत्या आवाजात बोलण्याची सवय लावून घेतली होती आणि लग्न टिकायला तिची मदतच झाली होती.

"ही सूचना आहे की आशीर्वाद?" बाईंनी विचारलं.

त्यांनी कुजबुजून सांगितलं की बहुधा दोन्ही.

तरीही बाईंनी पत्रक अक्षरशः पाळलं. तपासणी करायची तर आधी सांगितलंय तसंच करायचं, म्हणजे दोष कुणाचा ते कळतं, हा त्यांचा नियम. यंत्र तयार झालं. सगळे जेवणाच्या टेबलाभोवती जमले. बाईंनी बटण दाबलं. मोटरींनी असा काही कर्कश आवाज काढला, की शेजारच्या खोलीतल्या माणसाने दचकावं, आणि यंत्र जागच्या जागी गरागरा फिरायला लागलं. ते फिरत राहिलं. पुढे नाही, मागे नाही. मुलाने ओठ घट्ट मिटून घेतले. सून खिडकीबाहेर बघायला लागली.

बाईंना मात्र आनंद झाला. संतापाला इतकी भक्कम जागा त्यांना कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती.

"बघा," त्या म्हणाल्या. "दोन्ही मोटरी सारख्या, पण बसवल्यात एकमेकींकडे पाठ करून. आणि हा शहाणा लिहितो, दोन्हींची लाल तार लालला जोडा, काळी काळ्याला. दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी करा आणि दोघांना सांगा ‘उजवीकडे चला’. जातील का एकाच दिशेला? डावी मोटर उलटी फिरतेय. पहिल्या सेकंदाला कळलं मला."

"मग डावीच्या तारा अदलाबदल कर. झालं," मुलगा म्हणाला.

"आणि पत्रकातली चूक? तिची अदलाबदल कोण करणार?"

यंत्र सदोष मिळालं, सूचना सदोष मिळाली, तेव्हा आधी कंपनीने चूक कबूल करायची आणि मगच आपण तारेला हात लावायचा, असं बाईंनी जाहीर केलं. तोवर यंत्र हा पुरावा. त्यांनी ते पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं, त्यावर जाळीचं झाकण पालथं घातलं आणि झाकणावर लाल चिठ्ठी लावली.

मग कंपनीला फोन सुरू झाले. बाई गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि पलीकडून संगीत ऐकत राहत. अधूनमधून एक आवाज सांगे, की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. "महत्त्वाचा आहे तर उचला," असं त्या आवाजाला बाई दर वेळी सांगत. शेवटी एकदाची एक खरी मुलगी बोलली. बाईंनी तिला मोटरी, पाठी, लाल आणि काळी, सगळं समजावून सांगितलं. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात कुणी लहान मूल आहे का? त्याच्याकडे फोन देता?"

बाईंनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी कंपनीला ईमेल लिहिला. तो वाचून मुलाचं म्हणणं पडलं, की ‘अक्षम्य’ हा शब्द एकाच मजकुरात इतक्या वेळा येऊ नये. बाईंनी तो आणखी एके ठिकाणी घातला.

इकडे रविवार जवळ येत होता आणि घरात प्रत्येकाला एकच गोष्ट दिसत होती. कंपनी काही उत्तर देणार नाही, बाई काही तारेला हात लावणार नाहीत, यंत्र पॅसेजमध्ये गरागरा फिरेल आणि पेटी माळ्यावर जाईल. आठवड्याभरापूर्वी हेच तर सगळ्यांना हवं होतं. पण संध्याकाळी त्या पेटीशेजारी बसून एकेक पाना पुसणारी बाई बघणं कोणालाच सोसत नव्हतं. मात्र आपल्याला ते सोसत नाही, हे दुसऱ्याला सांगायची सोय नव्हती. ठरावाच्या बाजूने हात वर केलेला होता.

पहिला धीर केला ग्रंथपालांनी. बाई गॅलरीत संगीत ऐकत होत्या तेव्हा त्यांनी हळूच जाळी उचलली. तारांची डावी जोडी मोटरीच्या टोकाला, चाकाच्या आतल्या बाजूला, दोन चिमट्यांनी बसवलेली होती. त्यांनी चिमटे काढले, एकाच्या जागी दुसरा लावला, जाळी पूर्ववत ठेवली आणि येऊन पेपर वाचत बसले. चालवून बघायचा प्रश्नच नव्हता. त्या मोटरींचा आवाज गॅलरीपर्यंत काय, वकिलांपर्यंत गेला असता.

सुनेचं मन तिला खात होतं, कारण ठराव तिचा. दुपारी ती दवाखान्यातून घरी आली, तर सासू बाहेर गेलेली आणि सासरे डुलक्या घेताहेत. तारांशी तिला कर्तव्य नव्हतं. तिने सरळ उपाय केला : डावी मोटरच सोडवली. मोटरीचा दांडा दोन्ही बाजूंना बाहेर येत होता. तिने मोटरीला कूस पालटून झोपवलं, चाक दुसऱ्या टोकाला बसवलं आणि स्क्रू पुन्हा आवळले. फिरण्याची दिशा आपोआप उलटली. दाताच्या मानाने हे काम फारच सोपं होतं, कारण मोटर मध्येच तोंड मिटत नव्हती.

मुलाने तर यंत्राला हातही लावला नाही. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंघोळीला गेल्यावर यंत्राचं बटण तेवढं दाबून धरलं, म्हणजे मोटरी न फिरता यंत्र मोबाइलशी जोडलं जातं, आणि खेळण्याबरोबरच्या ॲपमध्ये ‘डावी मोटर : सुलट’ होतं तिथे ‘उलट’ अशी खूण केली. हिरव्या पट्टीवरचा दिवा एकदा लुकलुकला. मुलाने बटण सोडलं आणि शीळ वाजवत ऑफिसला गेला.

वाचकाने एव्हाना हिशेब केलाच असेल. उलटं सुलट झालं, सुलट पुन्हा उलटं झालं आणि उलटं पुन्हा सुलट. कोणाला कोणाचा पत्ता नसताना, आणि एकदाही न चालवता, जाळीखालचं यंत्र अगदी बिनचूक झालं होतं. आता ते फक्त कोणी हात न लावता रविवारपर्यंत पोचायला हवं होतं.

रविवारी सकाळी कंपनीचा ईमेल आला.

बाईंनी तो उभ्याने वाचला आणि मग सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवला. पत्रकातल्या चित्रात चूक झाली आहे, डाव्या मोटरीच्या तारा उलट जोडायला हव्यात, आपण लक्षात आणून दिल्याबद्दल कंपनी आभारी आहे आणि नवीन पत्रकात दुरुस्ती केली जाईल. असा साधा, सरळ, नम्र मजकूर. तो वाचताना बाईंचा चेहरा असा उजळला होता, की तिघांनाही एक क्षण फार बरं वाटलं. पुढच्याच क्षणी बाईंनी जाळी बाजूला केली, लाल चिठ्ठी टरकावली आणि पेटीतून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला.

"झालं. आता रीतसर दुरुस्ती," त्या म्हणाल्या, आणि हिरव्या पट्टीवरची डावीकडची लाल आणि काळी तार त्यांनी सगळ्यांच्या देखत अदलाबदल केली.

समोर बसलेल्या तीन माणसांच्या तोंडचं पाणी पळालं. ग्रंथपालांच्या मनात आलं, मी एकदा उलटवली, आता हिने पुन्हा उलटवली, म्हणजे बोंबललं. सुनेच्याही मनात हेच आलं. मुलाच्याही. प्रत्येकाला वाटत होतं की सत्यानाश आपल्या एकट्यामुळे होणार, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला दिसू नये म्हणून हसत होता.

"आधी एकदा इथेच चालवून बघूया का?" ग्रंथपाल कुजबुजले.

बाईंनी नकार दिला. चाचणीच्या आधी चाचणी म्हणजे परीक्षेच्या आधी पेपर फोडणं. कारखान्यात एकाही मीटरला असा लाड नव्हता. सुनेने सुचवलं की आधी चहा तरी घेऊ. मुलगा म्हणाला की मला एक मिनिट यंत्र दे, धूळ झटकतो. एवढ्यात वकील इस्त्रीचे कपडे घालून हजर झाले आणि बाईंनी यंत्र दारापाशी, दोन्ही भिंतींच्या बरोबर मधोमध ठेवलं. त्यांनी पाठ ताठ केली. पेटी पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवलेली होती. जिंकल्यावर यंत्र पेटीपाशीच येऊन थांबावं, असा त्यांचा बेत असावा.

बटण दाबलं. किंचाळी उठली आणि यंत्र गरागरा फिरलं. फिरता फिरता एकदा डाव्या भिंतीला घासलं.

"शिवलं," वकील खेदाने म्हणाले.

बाईंनी वाकून बटण बंद केलं आणि यंत्राकडे पाहत राहिल्या. असा त्यांचा चेहरा घरात कोणी पाहिलेला नव्हता. त्यात संताप नव्हता, आणि तेच बघवेना.

"माझ्यामुळे झालं," तिघंही एकदम म्हणाले, आणि मग तिघंही एकमेकांकडे बघायला लागले.

एकेकाची जबानी झाली. बाईंनी चिमटे ऐकले, कूस ऐकली, ॲप ऐकलं. मग त्यांनी यंत्र उलटं केलं, चष्मा नाकावर आणला आणि एकेक गोष्ट बोट ठेवून पडताळली. हळूहळू त्यांच्या गालांवर रंग चढायला लागला. सगळ्यांना हायसं वाटलं.

"पुरावा होता तो," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी लावलेला पुरावा. आणि तुम्ही तिघांनी, तिघांनी, माझ्या पाठीमागे त्याला हात घातलात?"

"तू हरू नयेस म्हणून गं," ग्रंथपाल म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुजबुजले नाहीत.

"पेटी वर घालायला हात कोणी वर केला होता?"

सून हळूच म्हणाली, "आई, हात मीच आधी वर केला होता. मोटर पण मीच आधी... म्हणजे बाबांच्या नंतर."

बाईंनी नाक ओढलं. मग पुन्हा यंत्राकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत काही मोजलं आणि त्यांच्या लक्षात ते आलं. त्या अधिकच भडकल्या.

"म्हणजे तुम्ही तिघांनी उलटवून उलटवून सकाळपर्यंत ते बरोबर करून ठेवलं होतं. एकालाही न कळता. बिघडवलं कोणी? मी. रीतसर. कंपनीच्या लेखी सल्ल्याने." त्यांनी श्वास घेतला. "चूक कबूल करायला आजचाच मुहूर्त सापडला त्यांना?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच दोन तारा पुन्हा अदलाबदल केल्या, यंत्र खाली ठेवलं आणि बटण दाबलं. यंत्र किंचाळत, मान वर करून, एका रेषेत पॅसेजमधून गेलं आणि पेटीला टक्कर देऊन थांबलं. वकिलांनी टाळ्या वाजवल्या. आता हे पाहता, ते म्हणाले, आणि त्रयस्थांचा हस्तक्षेप झालेला पाहता, पहिली चाचणी रद्द समजायला काही हरकत नसावी. तिघांनीही जोरजोराने माना डोलावल्या.

"हरकत आहे," बाई म्हणाल्या. "नापास झालेला मीटर मागाहून सुधारला तर त्याची नापासाची नोंद पुसत नाहीत. चाचणी एकदा. निकाल लागला. पेटी वर जाणार."

मग जे झालं ते वकिलांनी नंतर कित्येकांना सांगितलं, पण कोणाचा विश्वास बसला नाही. ज्यांनी पेटी माळ्यावर घालायचा ठराव केला होता ती तीन माणसं पेटीच्या आडवी आली. सुनेने पेटीची मूठ धरली. मुलगा म्हणाला की नळ गळतोय, तो निदान उद्या बघ. ग्रंथपाल तर सरळ पेटीवर बसले. बाईंनी त्यांना उठवलं. शब्द तो शब्द, त्या म्हणाल्या, आणि तुमच्यासारख्या बेशिस्त माणसांत मी हे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. त्यांनी बाथरूमसमोर स्टूल ठेवलं, वर चढल्या आणि माळ्याचं दार ओढलं.

दार उघडलं नाही. वरची बिजागरी निखळून वाकडी झाली होती आणि दार चौकटीत रुतून बसलं होतं. बाईंनी पुन्हा ओढलं. मग त्यांचा हात सवयीने मागे आला, पेटीच्या दिशेने, आणि अर्ध्यावर थांबला.

"ठरावाप्रमाणे," वकील घसा साफ करून म्हणाले, "घरातली दुरुस्ती आता बाहेरच्या माणसाने करायची आहे. सुतार आल्याशिवाय दार उघडणार नाही, आणि दार उघडल्याशिवाय पेटी वर जाणार नाही."

बाई स्टुलावरच उभ्या होत्या. त्यांनी क्षणभर विचार केला आणि नियमात काही पळवाट आहे का हे तपासलं. नव्हती.

"मग सुताराला बोलवा," त्या म्हणाल्या.

"मी करतो फोन," मुलगा म्हणाला. "राहू दे, मी करते," सून म्हणाली. ग्रंथपालांनीही कुजबुजून आपण करू असं सांगितलं.

याला आता बरेच महिने झाले. सुतार आलेला नाही. मुलाला वाटतं बायकोने फोन केला असेल, तिला वाटतं सासऱ्यांनी केला असेल, आणि ग्रंथपालांना कोणी विचारलं की ते पेपरात डोकं घालतात. तपासनीसबाई रोज सकाळी या बेजबाबदारपणावर चहा निवेपर्यंत बोलतात. तीन शिकलीसवरलेली माणसं, आणि एकाला साधा एक फोन करता येऊ नये. अशा घरात पेटी उघड्यावर ठेवणंही धोक्याचं, म्हणून त्यांनी ती आपल्या पलंगाखाली ओढून घेतली आहे, हाताला लागेल इतक्या जवळ.